ड्रोन घ्यायचाय, घेतलाय, घेऊन कपाटात पडलाय: उडवणं आणि वरून फोटो काढणं

भिंगरी

"कुठला ड्रोन घेऊ?" असा व्यनि (वैयक्तिक निरोप) अधूनमधून येतो. मॉडेलं दर वर्षी बदलतात, त्यामुळे आज दिलेलं उत्तर पुढच्या वर्षी शिळं. शिवाय घोळ मॉडेलमध्ये क्वचितच असतो. घोळ असा आहे की हल्लीचा कॅमेरा ड्रोन पहिल्याच दिवशी कोणालाही उडवता येतो. रिमोटच्या काठ्या सोडल्या की जागच्या जागी थांबतो, बटण दाबलं की परत येतो. माणसाला वाटतं, आलं आपल्याला. प्रत्यक्षात उडतोय तो, आपण नुसतं कुठे जायचं ते सांगतोय. त्याची ही हुशारी ज्या क्षणी बंद पडते त्या क्षणी आपल्याला काय येतं ते कळतं.

आत काय चाललंय ते एकदा समजून घेतलं की बऱ्याच शंका मिटतात. चार मोटरींपैकी तिरक्या समोरच्या दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट. सगळ्या एकाच दिशेने फिरल्या तर धड स्वतःच उलटं गरगरत राहील. एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की ड्रोन जागेवर वळतो. मागच्या दोन जोरात फिरल्या की नाक खाली झुकतं आणि तो पुढे जातो. हा हिशेब आतला संगणक सेकंदाला शेकडो वेळा करतो. तोल जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर (वळणं आणि वेगातला बदल मोजणारे सेन्सर) सांभाळतात, उंची हवेच्या दाबावरून कळते, जागा उपग्रहांवरून, नाकाची दिशा होकायंत्रावरून. जमिनीजवळ असताना पोटाखालचा कॅमेराही मदतीला असतो.

यातलं जे जे बाहेरच्या जगावर अवलंबून आहे ते ते दगा देऊ शकतं. उंच इमारतींच्या मधे किंवा दरीत उपग्रह पुरेसे दिसत नाहीत. होकायंत्र लोखंडाने बिथरतं, म्हणून गाडीच्या टपावरून किंवा सळया घातलेल्या काँक्रीटवरून उड्डाण नको. पोटाखालच्या कॅमेऱ्याला जमिनीवर काहीतरी नक्षी दिसावी लागते. हलतं पाणी, सपाट वाळू, बर्फ किंवा अंधार असला की आपण सरकतोय हे त्याला कळतच नाही. उपग्रह आणि हा कॅमेरा दोन्ही गेले की ड्रोन सपाट राहतो पण वाऱ्याबरोबर वाहत जातो. याला अ‍ॅटी मोड म्हणतात. यात ब्रेक नाही, काठी सोडली तरी घसरणं चालूच.

म्हणून सुरुवातीचा सराव कॅमेरा विसरून करावा. मोकळं मैदान, पडलेला वारा, डोक्याच्या जरा वरची उंची. आधी शेपूट आपल्याकडे ठेवून चौकोन काढा. मग तोच चौकोन नाक आपल्याकडे करून. इथे डावं-उजवं उलटतं आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. समजा नाक आपल्याकडे आहे आणि ड्रोन आपल्या डावीकडच्या झाडाकडे सरकतोय. हात आपोआप काठी उजवीकडे ओढतो आणि ड्रोन आणखी जोरात झाडावर जातो. जुन्या मॉडेल विमानवाल्यांची यावरची युक्ती पाठच करून टाका: नाक आपल्याकडे असेल तर ज्या बाजूला तो चाललाय त्याच बाजूला काठी ढकलायची. थांबतो. हे विचार न करता जमायला लागलं की इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, नाक सतत पुढे ठेवून. त्यात सगळ्या बाजू येतात.

नियमांबद्दल एवढंच, की ते देशागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात. जिथे उडवणार तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा नकाशा त्या दिवशी बघा, कोणाच्या जुन्या पोस्टवर विसंबू नका (या धाग्यावरही). बऱ्याच देशांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला सवलती आहेत आणि उंचीची मर्यादा जमिनीपासून १२० मीटर किंवा ४०० फूट आहे. सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. विमानतळाजवळ २४९ ग्रॅमचाही नको.

काजवा

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. आधी खेळण्यातला घेऊन शिकावं की थेट कॅमेऱ्यावाला घ्यावा? घरात दोन तट पडलेत.

तिरकीचाल

खेळण्यातला. तळहाताएवढा, पात्यांभोवती कडं असलेला. त्याला उपग्रह, होकायंत्र काही नसतं, त्यामुळे क्षणभरही काठी सोडून चालत नाही. बोटं तयार होतात ती तिथेच. पडद्याला धडकला, पडला, उचलला, पुन्हा उडवला.

भिंगरी

घरात हो. बाहेर नको, ते इतके हलके असतात की एक झुळूक आली की गेले छपरापलीकडे.

निमित्तमात्र

संगणकावरचे सिम्युलेटर विसरलात की. खरा रिमोट केबलने जोडता येतो, वारा कमीजास्त करता येतो, मोडतोड फुकट. फक्त गेमपॅडवर शिकू नका. त्याच्या काठ्या आखूड असतात आणि थ्रॉटलची, म्हणजे वर-खाली नेणाऱ्या काठीची, सवय वेगळी लागते. रिमोटचा मोड, म्हणजे कुठली काठी काय करणार, ते पण आधीच ठरवा. मोड २ मध्ये वर-खाली आणि जागेवर वळणं डाव्या काठीवर, पुढे-मागे आणि आडवं सरकणं उजव्या काठीवर. हाच जास्त चालतो. मित्राचा रिमोट हातात घेण्याआधी त्याचा मोड विचारा. मोड १ वाले कमी आहेत, पण आहेत!

उंटावरचा शहाणा

उडवण्याबद्दलचं सगळं पटलं. फोटोंबद्दल मला थोडं भांडायचंय, भिंगरीताईंशी नाही, एकूणच.

नव्या ड्रोनवाल्याचे पहिले फोटो बघा. सगळे परवानगी असलेल्या कमाल उंचीवरून, क्षितिज बरोबर मधोमध, खाली करडं-हिरवं काहीतरी. असा फोटो घरी येऊन मोठ्या पडद्यावर लावला की एकच प्रतिक्रिया येते, "वा, केवढं दिसतंय!" आणि पुढच्या फोटोला कोणी काहीच बोलत नाही.

जरा गणित करू. बहुतेक छोट्या ड्रोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) हिशेबात २४ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे सरळ खाली बघितलं तर उंचीच्या साधारण दीडपट रुंदीची जमीन चौकटीत येते. १२० मीटरवरून १८० मीटर. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलमध्ये साडेचार सेंटिमीटर जमीन. वरून दिसणारे माणसाचे खांदे जेमतेम दहा पिक्सेल भरतात, म्हणजे ठिपका. तोच ड्रोन ३० मीटरवर आणा. रुंदी ४५ मीटर, खांदे चाळीस पिक्सेल. आता छत्री छत्री दिसते, सायकलला चाकं असतात, बाकावर कोणीतरी पाय पसरून बसलंय हे कळतं. माझे बघण्यासारखे सगळे फोटो वीस ते चाळीस मीटरच्या मधले आहेत. जिथे शिडी पुरत नाही आणि विमान येत नाही, ती उंची खरी ड्रोनची. (माणसं असतील तर त्यांच्या डोक्यावर नव्हे, बाजूला राहून. आणि त्यांना विचारून.)

दुसरं म्हणजे ऊन. जमिनीवरून फोटो काढताना पहाटेचा प्रकाश रंगासाठी हवा असतो. वरून काढताना तो सावलीसाठी हवा. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला माणूस म्हणजे केस आणि दोन खांदे. त्याचं चालणं, डोक्यावरचं ओझं, झाडाचा डेरा, कुंपणाच्या काठ्या, हे सगळं लांबलेल्या सावलीत उमटतं. दुपारी बारा वाजता तोच फोटो नकाशा होतो. छायाचित्रकार जॉर्ज स्टाइनमेट्झ ड्रोन येण्याच्या कितीतरी आधीपासून मोटर लावलेल्या पॅराग्लायडरला लटकून वाळवंटांचे फोटो काढायचे. शोधून बघा, सावल्यांनी काय काय केलंय ते.

खारूताई

थोडी असहमती. काही विषय उंचीशिवाय कळतच नाहीत. नदीची नागमोडी वळणं, ओहोटीनंतर वाळूत राहिलेल्या पाण्याच्या शिरा, डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे तुकडे. ते तीस मीटरवरून काढले तर नुसता चिखल.

उंटावरचा शहाणा

मान्य. तिथे विषयच मोठा आहे. माझा राग 'उंच म्हणून चांगला' यावर आहे. एक सोपी सवय लावून घ्या: वर जाताना दर थोड्या उंचीला थांबून एक फोटो काढायचा आणि घरी ओळीने बघायचे. कुठल्या उंचीला विषय हरवला ते स्वतःलाच दिसतं.

आणि रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा. या कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान असतात. आकाशाच्या हिशेबाने प्रकाश घेतला तर जमीन काळी, जमिनीच्या हिशेबाने घेतला तर आकाश पांढरं. ब्रॅकेटिंग लावलं की वेगवेगळ्या प्रकाशाचे तीन किंवा पाच फोटो एकापाठोपाठ निघतात, ते नंतर एकत्र करता येतात. ड्रोन हवेत इतका स्थिर असतो की हे बिनतिवईचं जमतं.

खारूताई

आता तुम्हालाच विचारते. माझे फोटो बरे येतात, पण व्हिडिओ तडतडतात. रस्ता, झाडं, सगळं झटके खात पळतं. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरींची चौकट) बिघडलाय का?

उंटावरचा शहाणा

शटर, म्हणजे दर चौकटीला प्रकाश किती वेळ आत येतो, ते किती होतं बघा. भर उन्हात सेकंदाचा १/८०० भाग वगैरे असणार. व्हिडिओची प्रत्येक चौकट इतकी धारदार गोठते की एकीतून दुसरीत जाताना डोळ्याला उडी जाणवते. साधारण नियम असा की शटर चौकटींच्या वेगाच्या दुप्पट हवं. सेकंदाला २५ चौकटी असतील तर १/५०. मग हालचाल किंचित पुसट होते आणि ती डोळ्याला गुळगुळीत वाटते. आता छोट्या ड्रोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा लहानमोठं करता येत नाही आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० च्या खाली सहसा जात नाही, मग प्रकाश कमी कुठून करणार? लेन्सवर काळी काच लावून. तिला एनडी फिल्टर म्हणतात. एनडी १६ प्रकाश सोळा पटींनी कमी करतो. ८०० भागिले १६, आलं ५०. ढगाळ हवेत एनडी ८ किंवा ४ पुरतो.

फोटोंसाठी मात्र काढून ठेवा. तिथे वेगवान शटरच हवं.

दुसरी शक्यता, सूर्य समोर वरच्या बाजूला असेल तर पात्यांच्या सावल्या लेन्सवर पडून चित्रात पट्टे लुकलुकतात. त्यावर उपाय म्हणजे जरा वळा किंवा कॅमेरा खाली झुकवा. आणि चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर पाती तपासा. कडेला नखाने खरवडल्यावर लागेल एवढी चीरही पुरते.

डुलक्या

एनडी लावूनही हात घाईचा असेल तर काही उपयोग नाही, हे माझ्याकडून. बहुतेक ड्रोनमध्ये सिने किंवा ट्रायपॉड नावाचा संथ मोड असतो, तो लावा. एका शॉटमध्ये एकच हालचाल. पुढे जायचंय तर फक्त पुढे. वर चढणं, वळणं आणि कॅमेरा झुकवणं एकदम करायला गेलं की बघणाऱ्याला भोवळ येते. आणि हालचाल सुरू होण्याआधी नि संपल्यावर काही सेकंद स्थिर राहा, जोडकामाला लागतात.

बॅटरीबद्दल कोणीच लिहिलं नाही. खोक्यावरचा उड्डाणाचा वेळ वारा नसताना मोजलेला असतो. खऱ्या हवेत तेवढा मिळत नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना पाठवाऱ्याने यायचं. लोक उलटं करतात, कारण पाठवाऱ्याने जाताना मजा येते, आणि मग परतताना ड्रोन जागच्या जागी धापा टाकतो. खाली पान हलत नसलं तरी शंभर मीटरवर चांगला वारा असू शकतो. मी ३० टक्के राहिले की परत फिरवतो.

लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. तसा भरून महिनोन्महिने ठेवला की फुगतो. ठेवून द्यायचा असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. बऱ्याच नव्या बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःच तेवढ्यावर उतरतात, तेव्हा आदल्या रात्री चार्ज बघा. फुगलेली बॅटरी उडवायची नाही, दाबायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. थंडीत व्होल्टेज एकदम पडतं, म्हणून उड्डाणापर्यंत बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या सोबतच्या हँडबॅगेत, टोकं झाकून. सामानात द्यायच्या नसतात.

काजवा

भारी. सरावाला लागलोय, नाक आपल्याकडे असतानाचा चौकोन अजून वाकडाच येतोय. शंका: घरी परतायची उंची, म्हणजे रिटर्न टू होमची, किती ठेवायची? माझ्यात आधीपासूनच ३० मीटर आहे.

भिंगरी

आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा खांबापेक्षा बरीच वर. जागा बदलली की ही उंचीही बदला. बटण दाबलं की तो आधी त्या उंचीला चढतो आणि मग नाकासमोर सरळ रेषेत घरी येतो. वाटेत काय आहे हे त्याला कळेलच असं नाही, कारण अडथळे टिपणारे सेन्सर सगळ्या बाजूंना नसतात आणि बारीक तारा, निष्पर्ण फांद्या त्यांना दिसत नाहीत. पुलाखाली किंवा झाडाखाली असताना हे बटण दाबू नका. तो आधी चढतो, म्हणजे थेट छतात.

आणि पडद्यावरची उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून चढणीच्या दिशेने उडवलात तर पडद्यावर ८० दिसेल आणि खाली झाडाचा शेंडा हाताच्या अंतरावर असेल. माथ्यावरून दरीत उतरवलात तर उलटं होतं, आकडा उणे येतो. नावेतून उडवलात तर 'घर' पाण्यातल्या त्या जागेवर राहतं आणि नाव पुढे गेलेली असते.

उतरतानाचं पण सांगते. सरळ खाली वेगाने आणू नका. ड्रोन स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत शिरतो, पात्यांना पकड मिळत नाही, तो डुगडुगतो आणि दगडासारखा खाली येतो. तसं झालंच तर थ्रॉटल वाढवण्याआधी आडवा सरकवा, स्वच्छ हवेत आला की सावरतो. तिरकं उतरणं केव्हाही बरं.

तिरकीचाल

इथे सगळे कॅमेरावाले जमलेत म्हणून एक वेगळी बाजू. एफपीव्ही. डोळ्यांवर गॉगल, ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा म्हणजे आपले डोळे. अ‍ॅक्रो मोडमध्ये काठी सोडली की तो सपाट होत नाही, कलला तसाच कललेला राहतो. सपाट आपण करायचं. सिम्युलेटरवर तासनतास घालवल्याशिवाय खऱ्याला हात लावू नका. पण ज्याला हे येतं त्याला अ‍ॅटी मोड म्हणजे सुट्टी. मोटर बदलणं, तारा डाग देणं, सगळं स्वतः करावं लागतं. त्याची हौस नसेल तर या वाटेला न गेलेलंच बरं. गॉगल घातल्यावर आजूबाजूचं आकाश दिसत नाही, म्हणून शेजारी नजर ठेवणारा एक माणूस हवाच. बऱ्याच ठिकाणी तसा नियमही आहे.

निमित्तमात्र

थोडं अवांतर. वरून फोटो काढायची हौस ड्रोनहून फार जुनी आहे. १८५८ मध्ये पॅरिसजवळ नादार या छायाचित्रकाराने फुग्यातून फोटो काढला. तेव्हा काचेवर ओला रासायनिक थर देऊन तो सुकायच्या आत फोटो काढायचा आणि धुवायचा, तेही फुग्याच्या टोपलीत अंधारी खोली करून. सुरुवातीच्या सगळ्या काचा काळ्या निघाल्या. कारण फुग्याच्या तोंडातून गळणारा गॅस रसायनाला बाधत होता. ते तोंड बंद ठेवल्यावर चित्र उमटलं. तो फोटो आज उरलेला नाही. उरलेल्यांत सगळ्यात जुना १८६० चा, जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी वरून काढलेला बॉस्टन शहराचा. पुढे पतंगाला कॅमेरा बांधला, जर्मनीत तर युलियस नॉयब्रॉनर यांनी कबुतरांच्या छातीवर बांधला. १९०६ च्या भूकंपानंतरचं सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्स यांनी पतंगांच्या माळेने चढवलेल्या कॅमेऱ्यातून टिपलं. तेव्हा तुमचा गिंबल हलतोय म्हणून फार हळहळू नका!

डुलक्या

कबुतरांवरून आठवलं. घारी, ससाणे ड्रोनवर झडप घालतात, विशेषतः विणीच्या हंगामात. पक्षी घिरट्या घालू लागला की झटकन वर चढवा आणि तिथून निघा. ते वरून झेपावतात, सरळ वर चढणं त्यांना जड जातं. घरटी माहीत असतील तर तिकडे जाऊच नका. आपला फोटो राहिला तर राहिला, पण पक्षी अंडी सोडून उडतात.

आणि लोकांच्या खिडक्या, गच्च्या. तुमच्या कॅमेऱ्यात काय दिसतंय हे खालच्या माणसाला कळत नाही. त्याला फक्त घोंघावणारं काहीतरी आपल्याकडे बघतंय एवढंच वाटतं. कोणी विचारायला आलं तर पडदा दाखवा, हवं तर खाली आणा.

खारूताई

@उंटावरचा शहाणा, एनडी १६ लावला, व्हिडिओ लोण्यासारखा येतोय, धन्यवाद! पण नवीनच काहीतरी. ड्रोन फिरवत नेला की आकाश अर्धं गडद निळं, अर्धं फिकं. आणि सुरू करताना गिंबल कुरकुरतो.

उंटावरचा शहाणा

तुमचा फिल्टर एनडी आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) एकत्रवाला दिसतोय. कडेवर 'पीएल' लिहिलंय का बघा. पोलरायझरचा परिणाम सूर्याच्या कोनावर ठरतो, सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश सगळ्यात गडद होतं. लेन्स रुंद असल्यामुळे एकाच चौकटीत दोन्ही प्रकारचं आकाश येतं आणि ड्रोन वळला की तो पट्टा सरकतो. जमिनीवर आपण फिल्टर फिरवून जुळवतो, हवेत तो कोण फिरवणार? पाण्यावरची चकाकी मारून तळ दाखवायचा असेल तेव्हाच तो लावा, तेही एकाच दिशेला बघताना.

कुरकुर वजनाची असू शकते. गिंबलच्या मोटरी इवल्याशा असतात, जाड काचेचा फिल्टर त्यांना झेपत नाही. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हलका घ्या, ड्रोन बंद असताना लावा, मग सपाट जागेवर ठेवून सुरू करा आणि अ‍ॅपमधून गिंबल कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची सपाट पातळी पुन्हा जुळवून घ्या.

खारूताई

'पीएल' आहे खरं. साधा मागवते.